सेवा-नोंदीत राहून गेलेली पदके: माजी सैनिक आणि वारसांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या गावात माजी सैनिकांची बैठक बसली की हमखास एक तक्रार ऐकू येते. सोबतच्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या पुस्तिकेत, पाच पदके लिहिलेली आहेत आणि आपल्या बुकात तीनच आहेत, पलटण तीच, लढाई तीच, मग असे कसे? बहुतेकदा याचे कारण अन्याय नसून एखादा न निघालेला किंवा निघूनही न चढलेला कागद असतो. तो कागद नेमका कोणता हे कळले की निम्मे काम झाले असे समजावे. हा लेख प्रामुख्याने भूदलातील जवान आणि जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) यांच्यासाठी आहे. नौदल आणि हवाई दलाचा तपशील जिथे वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी, कारण ती न कळल्याने अनेकांचे अर्ज वर्षानुवर्षे इकडून तिकडे फिरत राहतात. पदकाच्या बाबतीत पात्रता, नोंद आणि प्रत्यक्ष वाटप हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत. ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी सेवा केल्याने पात्रता येते. युनिट त्याविषयी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतील बाबी नोंदवणारा आदेश, काढते, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवापत्रकात, चढते, तेव्हा नोंद होते. धातूचे पदक टांकसाळीत तयार होऊन हातात पडते, तो शेवटचा टप्पा. ‘मला मेडल मिळाले नाही’ असा अर्ज आला तर कार्यालय साठा नसल्याचे कळवते आणि फाईल बंद करते. म्हणून अर्जात पहिली मागणी नोंदीची करावी आणि पदकाची मागणी तिच्यामागे ठेवावी. नोंद झालेली असेल तर पदक उशिरा का होईना मागता येते, नोंदच नसेल तर साठा भरलेला असूनही उपयोग नाही. छावणीच्या बाजारातून पदके विकत घेऊन ती गणवेशावर लावणारे अनेक जण आहेत. पदकाचा साठा नसल्याने तसे करणे समजण्यासारखे आहे, पण विकत घेतलेल्या पदकाने कागदावर काहीच सिद्ध होत नाही.

सेवेचा तक्ता मांडणे

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर भरतीच्या तारखेपासून डिस्चार्जच्या तारखेपर्यंतचा तक्ता मांडावा. प्रत्येक पोस्टिंगसाठी युनिट, ठिकाण, अंदाजे महिना आणि वर्ष, त्या वेळचा हुद्दा, आणि दीर्घ रजा, कोर्स किंवा रुग्णालयातील मुक्काम लिहावा. स्मरणशक्तीवर विसंबून केलेल्या तक्त्यात चुका राहतातच, म्हणून जुनी पत्रे, रेल्वे वॉरंट, कोर्सची प्रमाणपत्रे, फोटोच्या मागचे शिक्के, बँकेचे किंवा पोस्टाचे जुने पासबुक यांवरून तारखा ताडून पाहाव्यात. विशेषतः मूळ पलटणीबाहेर काढलेला काळ ठळक अक्षरांत लिहावा. राष्ट्रीय रायफल्सची पोस्टिंग, ईआरईवरची (पलटणीबाहेरील कामावरची) नेमणूक, दुसऱ्या युनिटशी केलेली अटॅचमेंट किंवा परदेशातील शांतिसेनेचा काळ, यांतच नोंदी सर्वाधिक गळतात. त्या वेळी पार्ट टू ऑर्डर काढणारे युनिट वेगळे असते आणि शीट रोल ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस वेगळे, आणि दोघांमधला कागद वाटेत राहतो.

डिस्चार्ज बुक हा पहिला पुरावा. त्यातील पदकांचे पान, सेवेचा कालावधी, हुद्दा आणि नावाचे स्पेलिंग नीट वाचावे. ज्यांनी निवृत्तीनंतर डीएससीमध्ये म्हणजे संरक्षण सुरक्षा दलात पुन्हा नोकरी केली, त्यांच्याकडे दोन सेवा क्रमांक आणि बहुधा दोन डिस्चार्ज बुके असतात. पहिल्या सेवेतील पदक दुसऱ्या बुकात दिसत नाही म्हणून ते मिळालेच नाही असे समजू नये आणि दोन्ही बुके शेजारी ठेवून तपासावीत.

कोणते पदक अपेक्षित आहे ते ठरवणे

आपल्याला वाटते म्हणून पदक मागू नये, अर्हतेचे कारण सांगून मागावे. यासाठी पदकांचे ढोबळ गट ध्यानात ठेवले तर बरेच सोपे जाते.

पहिला गट ठरावीक तारखेला सेवेत असल्याबद्दल मिळणाऱ्या पदकांचा. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी, तर पन्नासाव्याचे १५ ऑगस्ट १९९७ रोजी सेवेत असणाऱ्यांना लागू होते. इथे डिस्चार्ज बुकावरच्या भरतीच्या आणि निवृत्तीच्या तारखा हाच पुरावा असल्याने हे पदक राहिले असेल तर दुरुस्ती सर्वांत सोपी. दुसरा गट दीर्घ सेवेचा, म्हणजे ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदके. यांतही तारखाच बोलतात, फक्त शिस्तभंगाच्या नोंदी आड येत नाहीत ना ते पाहावे.

तिसरा गट युद्धाचा, आणि वाद बहुतेक याच गटात होतात. १९६५ साठी रक्षा पदक आणि समर सेवा स्टार, १९७१ साठी संग्राम पदक तसेच पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार, कारगिलसाठी ऑप विजय पदक आणि ऑप विजय स्टार, आणि २००१-०२ च्या सीमेवरील जमवाजमवीसाठी ऑप पराक्रम पदक. स्टार आणि पदक यांच्यातला फरक ठाऊक असणे आवश्यक आहे. ढोबळमानाने सांगायचे तर पदक त्या मोहिमेच्या काळात सैन्यात असण्याशी किंवा मोहिमेसाठी तैनात होण्याशी जोडलेले असते, तर स्टारसाठी प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात हजेरी सिद्ध व्हावी लागते. म्हणजेच स्टार मागताना ‘मी सैन्यात होतो’ हे पुरेसे नाही. ‘माझे युनिट अमुक तारखेला अमुक क्षेत्रात होते आणि त्या दिवशी मी युनिटच्या हजेरीवर होतो’ हे दोन्ही दाखवावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक जवान १९६९ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाला, जंगी पलटणीत गेला आणि १९८४ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आला. पहिली मराठा, अर्थात जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर जमालपूरच्या लढाईत होती, त्यामुळे संग्राम पदकाबरोबर पूर्वी स्टारची अपेक्षा रास्त आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सेवेत होता, म्हणून पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक. १९७८ साली नऊ वर्षे पूर्ण झाली, म्हणून ते पदक. पण हाच जवान त्या डिसेंबरात बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये कोर्सला असेल, तर पूर्वी स्टार त्याच्या पदरात पडणार नाही, मग संपूर्ण पलटणीला तो मिळालेला का असेना. अशा वेळी अर्ज न करणेच बरे, कारण एक चुकीचा दावा फेटाळला गेला की त्याच पत्रातले खरे दावेही मागे पडतात.

नावांच्या सारखेपणामुळे होणारा गोंधळही इथेच सांगून टाकतो. गोवा मुक्तीची १९६१ ची मोहीम आणि कारगिलची १९९९ ची मोहीम या दोन्हींचे नाव ऑपरेशन विजय असेच होते. ऑप विजय पदक हे कारगिलचे. गोव्याच्या मोहिमेसाठी वेगळे पदक नव्हते, जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर ‘गोवा १९६१’ असा क्लास्प, म्हणजे पदकाच्या फितीवर लावायची पट्टी, दिला गेला. आजोबा गोव्यात उतरले होते म्हणून वारसांनी ऑप विजय पदक मागितले तर अर्ज परत येणार हे नक्की. क्लास्पचा मुद्दा सैन्य सेवा पदक आणि विशेष सेवा पदक यांनाही लागू आहे. डिस्चार्ज बुकात पदकाचे नाव असते पण क्लास्प लिहिलेला नसतो, आणि ती उणीव कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पदक आहे की नाही एवढे पाहून थांबू नये, क्लास्पही वाचावा.

चौथा गट कठीण प्रदेशातील किंवा परदेशातील सेवेचा: सियाचीन ग्लेशियर पदक, उच्च तुंगता पदक, विदेश सेवा पदक. यांत ठिकाण आणि तिथे काढलेला काळ या दोन्ही अटी असतात आणि पुराव्यासाठी युनिट तिथे गेल्याच्या आणि तिथून परतल्याच्या तारखा लागतात.

शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांचे पराक्रम पदक, ज्याला पूर्वी वूंड मेडल म्हणत, वेगळेच प्रकरण आहे. इथे रुग्णालयाची कागदपत्रे आणि युनिटने काढलेली बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) नोंद यांवर सगळे अवलंबून असते. ही नोंदच नसेल तर पदक ही दुय्यम बाब समजावी. युद्धजखमेच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्याच नोंदीवर उभा असतो, म्हणून आधी तो सोडवावा.

वीर चक्र, शौर्य चक्र, सेना मेडल यांसारखे शौर्य पुरस्कार शिफारशीवर आणि भारताच्या राजपत्रातील अधिसूचनेवर ठरतात. नोंद राहिली असल्यास राजपत्राची प्रत जोडून ती दुरुस्त करून घेता येते, पण शिफारसच झाली नव्हती, तर या मार्गाने नवा पुरस्कार मिळत नाही. शौर्यासाठीच्या सेना मेडलची नोंद पीपीओमध्ये (निवृत्तिवेतनाच्या आदेशात) न येण्याने मात्र दरमहा पैसे बुडतात, कारण १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दरानुसार त्याचा भत्ता महिन्याला २,००० रुपये आहे. विशिष्ट सेवेसाठी दिलेल्या सेना मेडलला हा भत्ता नाही, हा फरक अर्ज करण्यापूर्वी तपासून घ्यावा.

योग्य रेकॉर्ड ऑफिस शोधणे

निवृत्तीनंतर जुन्या पलटणीला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. पलटणीकडे निवृत्त जवानाचे कागद नसतात. ते रेकॉर्ड ऑफिसकडे असतात आणि पलटणीला विचारायचे असल्यास तेच विचारते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, चिलखती दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांची अहिल्यानगरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आणि डीएससीचे केरळात कण्णूरला आहे. नौदलातील खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्प येथील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे आणि हवाई दलातील एअरमनच्या नोंदी दिल्लीत सुब्रतो पार्क येथील एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नोंद दुरुस्त करू शकत नाही. ते अर्ज तपासून स्वतःच्या पत्रासह पुढे पाठवू शकते, आणि त्याचा उपयोग एवढ्यासाठी होतो की रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर त्या कार्यालयालाही द्यावे लागते. मी तर सुचवेन की अर्ज थेट स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याची प्रत जिल्हा कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा.

अर्ज लिहिणे

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे मराठीतही मांडता येते. व्यवहारात मात्र सागर किंवा जबलपूरच्या कारकुनाला मराठी अर्ज वाचता न आल्यास तो भाषांतराच्या नावाने बाजूला पडतो, म्हणून हिंदी किंवा इंग्रजीत लिहिणे शहाणपणाचे. अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात भावना कमी, तारखा जास्त असाव्यात. गाभ्याचा मजकूर साधारण असा ठेवावा:

‘मी, क्रमांक अमुक, हवालदार अमुक, या रेजिमेंटमध्ये अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सेवा केली. डिसेंबर १९७१ मध्ये मी अमुक बटालियनच्या हजेरीवर होतो आणि बटालियन पूर्व आघाडीवर तैनात होती. माझ्या डिस्चार्ज बुकातील पदकांच्या पानावर पूर्वी स्टारची नोंद नाही. तरी माझ्या शीट रोलची तपासणी करून, याविषयीची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झाली असल्यास तिचा क्रमांक आणि तारीख कळवावी. प्रसिद्ध झाली नसल्यास ती प्रसिद्ध करण्याची कार्यवाही करून सेवा-नोंदीत दुरुस्ती करावी आणि त्यानंतर पदक पाठवावे.’

यातील ‘क्रमांक आणि तारीख कळवावी’ हे वाक्य वगळू नये. तसे विचारले की कार्यालयाला नुसते ‘नोंद आढळत नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. ऑर्डर निघाली की नाही, निघाली असल्यास त्रुटी दाखवून परत का गेली, हे पाहावे लागते. सोबत डिस्चार्ज बुकाची पदकांच्या पानासह पूर्ण प्रत, पीपीओची प्रत, माजी सैनिक ओळखपत्र, आधार आणि उपलब्ध पुरावे जोडावेत. मूळ कागद कधीही पाठवू नयेत. राहिलेली पदके एकाहून अधिक असतील तर ती एकाच अर्जात, पण प्रत्येकाचे कारण वेगळ्या परिच्छेदात लिहावे.

नावातील तफावत असल्यास ती आधीच मिटवावी. आपल्याकडे सैन्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम उलटसुलट झालेला, किंवा आडनाव अजिबात न लिहिलेले असे असंख्य जवान आहेत. कागदोपत्री दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातील नावबदल सोबत जोडला नाही, तर पदकाचा अर्ज नावाच्या अर्जात अडकून पडतो.

‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आल्यास

ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा जवानांचे सेवा-कागद सैन्याच्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ नुसार डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट केले जातात. निवृत्तिवेतनधारकांचे त्याहून जास्त काळ ठेवतात. हे उत्तर आले म्हणून खचून जाऊ नये. लाँग रोल नावाची मूळ नोंदवही ठेवली जाते, तेव्हा दुसऱ्या पत्रात तिच्यातील उताऱ्याची मागणी करावी. त्यातून किमान सेवेचा कालावधी सिद्ध होतो आणि तारखांवर मिळणाऱ्या पदकांना तेवढा पुरेसा ठरू शकतो.

युद्धाच्या स्टारसाठी आणखी काही लागते. त्याच कंपनीतील सोबत्याच्या डिस्चार्ज बुकाची प्रत आणि त्याचे प्रतिज्ञापत्र हे उपयुक्त, पण पूरक पुरावे आहेत. केवळ त्यावर नोंद होईल असे धरून चालू नये. युनिटचे वॉर डायरीसारखे (युद्धकाळातील रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीसारखे) कागद अधिक वजनदार ठरतात. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हायचे आहेत, त्यामुळे १९६५ आणि १९७१ च्या बाबतीत मागणी करायला हरकत नाही. शिवाय त्या काळात रुग्णालयात असलेल्यांनी तिथल्या कार्डाची प्रत जपून ठेवली असेल तर युनिटचे नाव आणि तारीख एकाच कागदावर मिळतात.

उत्तरच न आल्यास

दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवावे. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ चा वापर करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न ‘मला पदक का दिले नाही’ असा विचारू नये, कारण या कायद्याखाली कागद मागता येतो, खुलासा नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ आणि ‘माझ्या शीट रोलमधील पदकांच्या नोंदींची प्रत’ असे मागावे. उत्तर असमाधानकारक असल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि नंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. याच्या जोडीला केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, फक्त तिथे अर्जाची तारीख आणि टपाल पावतीचा क्रमांक द्यावा.

शेवटचा मार्ग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा; त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्यानुसार आधी विभागीय मार्ग संपवावा लागतो. अंतिम नकार आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, किंवा निवेदनावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही तर त्यापुढील सहा महिन्यांत दाद मागता येते. म्हणूनच पहिल्या अर्जाची टपाल पावती फेकू नये, सगळी मोजणी तिच्यापासून सुरू होते. माझ्या मते केवळ वर्धापनदिनाच्या पदकासाठी इथवर जाण्यात अर्थ नाही. युद्धजखम किंवा शौर्य पुरस्कार यांचा प्रश्न असेल तर मात्र अवश्य जावे.

वारसांनी अर्ज करताना

जवान हयात नसल्यास पत्नीने, आणि तीही हयात नसल्यास मुलांनी अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ किंवा वारस प्रमाणपत्र, आणि इतर भावंडांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडावे. गावाकडे पदक कोणाच्या घरी राहणार यावरून भावांत वाद झाल्याचे आढळते, आणि अशा तक्रारीचे पत्र पोहोचले की कार्यालय हात आखडते. म्हणून ना-हरकत आधीच लेखी घ्यावी.

दुरुस्ती झाल्यावर

रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक असलेले पत्र आले की डिस्चार्ज बुकात त्याची अधिकृत नोंद करून मागावी. ती घरी पेनाने लिहू नये, तसे केले तर चांगले बुकही संशयास्पद ठरते. पदक स्वतंत्र पाकिटातून, कधी बऱ्याच काळाने येते. आल्यावर त्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक, हुद्दा आणि नाव भिंगातून वाचून बुकाशी ताडून पाहावे. क्रमांकात एका आकड्याची चूक असल्यास पदक वापरायला न काढता लगेच त्याच पत्राचा संदर्भ देऊन रेकॉर्ड ऑफिसला कळवावे. मिळालेले पदक हरवले असेल, तर तो दुरुस्तीचा विषय नाही. त्यासाठी पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडून दुय्यम पदकाचा वेगळा अर्ज करावा लागतो.